सासूच्या कार्डावर सुनेची बिडी

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तिरोडा तालुक्यातल्या एका गावातून लिहीत आहे. नाव छापू नका. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे १९ वर्षं झाली, बिडी वळते. कार्ड मात्र सासूबाईंचं. दोघी मिळून वळायचो, माल त्यांच्या नावावर जमा व्हायचा, पीएफही त्यांच्याच नावावर कापायचे. आता त्यांनी साठी ओलांडली, डोळ्याला नीट दिसत नाही. सट्टेदार, म्हणजे कारखान्याच्या वतीनं गावात काम वाटणारे कंत्राटदार, म्हणतात कार्ड बंद झालं. काम मीच करते, पण वहीत माझं नाव नाही. सट्टेदार परके नाहीत, माझे चुलत भासरे, म्हणजे यांचे मोठे चुलत भाऊ लागतात.

पूर्वी आठवडाभर पुरेल एवढा तेंदूपत्ता मिळायचा, आता तीन दिवसांचा मिळतो. तोही फाटका. हजार बिड्यांना पुरत नाही, कमी पडला तर बाजारातून विकत आणतो. वरून छाट. हजारात शंभर-सव्वाशे बिड्या खराब म्हणून छाटेत काढतात, त्याचे पैसे नाही आणि ती छाट परतही देत नाहीत. महिन्याभरापासून युनियनच्या एक बाई गावात येतात, वर्गणीची पावती फाडा म्हणतात. आमचे हे राईस मिलवर हमाली करतात. ते म्हणतात, युनियनच्या नादी लागू नको, भासऱ्यांनी पत्ता बंद केला तर काय करशील? काही बाया म्हणतात लाडकी बहीणचे पैसे येतात, ई-श्रम कार्डही काढलं, मग युनियन कशाला? मुलगी बारावीला आहे. परीक्षा झाली की तिलाही बिडी वळायला सुपाजवळ बसवावं का, असं मनात येते. काय करू?

— एक बिडी कामगार

उत्तर

पावती फाडा. आधी एवढं सांगून टाकते, कारण बाकीचं उत्तर लांबणार आहे आणि तुम्हाला बिड्या वळता वळता ते वाचायचं असेल.

पण त्याच्याही आधी घरातलं एक काम आहे, सासूबाईंचं पेन्शन. पत्रात तुम्ही लिहिलंय की कार्ड बंद झालं. त्यांना आता काय मिळतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे बहुतेक काहीच मिळत नसावं. पीएफच्या पेन्शन योजनेत ५८ वर्षं पूर्ण झाली की भरणा थांबतो. सट्टेदाराच्या तोंडी त्याचंच 'कार्ड बंद' होतं. भरणा थांबला तिथूनच पेन्शन सुरू व्हायला हवं. दहा वर्षांची नोंदलेली नोकरी असेल तर हक्क आहे, आणि २०१४ पासून किमान पेन्शन महिन्याला १००० रुपये आहे. हजार रुपयांत काय होतं, हे मलाही कळतं. पण ते त्यांचे आहेत, आणि बुडालेत ते फक्त एक अर्ज न भरल्यानं. शिवाय खात्यात साठलेली पीएफची रक्कम वेगळी. बिडी धंद्यात कामगाराच्या मजुरीतून शेकडा १० कापतात आणि मालकाला तेवढाच हिस्सा घालावा लागतो. मालकाच्या हिश्शातला काही भाग पेन्शनकडे जातो, उरलेलं सगळं व्याजासकट त्यांच्या खात्यात पडून असणार.

पेन्शनचा फॉर्म १०-डी आणि रक्कम काढायचा फॉर्म १९. दोन्ही भरा, आणि अर्जाला उशीर झाला असला तरी ५८ पूर्ण झाल्यापासूनची थकबाकी मागा. अडचण येईल ती नावात. पीएफच्या दप्तरात एक नाव, आधारवर दुसरं, जन्मसाल तिसरंच. बिडीवाल्या बायांच्या निम्म्या फायली इथेच अडून राहतात. ती दुरुस्ती करता येते, फक्त कारखान्याची सही लागते. युनियनच्या बाईंना पहिलं काम हेच सांगा. त्या खरोखर काम करणाऱ्या आहेत की नुसती वर्गणी गोळा करणाऱ्या, हेही त्यातून कळेल. पीएफ कार्यालय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्या-जिल्ह्यांत 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेतं. त्या महिन्यात ते कुठे आहे ते विचारून सासूबाईंना घेऊन जा. आधार, बँक पासबुक, जुनं कार्ड आणि मोबाइल, सगळं एका पिशवीत घाला.

आता तुमच्या नावाचं.

सासूच्या, आईच्या, कधीकधी तर मेलेल्या आजीच्याही कार्डावर बिड्या वळणाऱ्या बाया भंडारा-गोंदियात गावोगाव आहेत. सट्टेदाराला ते सोयीचं पडतं. चार हातांचं काम आणि नाव एकाचं, म्हणजे कागद कमी आणि मालकाचा हिस्साही कमी. घरच्यांनाही त्यात कधी वावगं वाटलं नाही, कारण पैसा शेवटी एकाच चुलीवर यायचा. पण कायद्याच्या लेखी तुम्ही गेली १९ वर्षं बिडी कामगार नाहीच आहात. हे ऐकून राग आला तर येऊ द्या.

घरी बसून वळणारी बाई कामगार आहे की नाही, हा वाद जुना आहे आणि तो बायांच्या बाजूनं कधीच सुटलेला आहे. बिडी आणि सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्यातच घरकामगार धरले होते. मालक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७४ साली हरले. १९७७ मध्ये पीएफ बिडी उद्योगाला लागू झाला. तेव्हा मालक म्हणाले, कारखान्यातल्यांना देऊ, घरी वळणाऱ्या आमच्या कामगार नाहीत. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं तेही खोडून काढलं. त्यामुळे 'तुम्ही तर घरी बसून करता, तुम्हाला कसला पीएफ' असं भासरे म्हणाले तर त्यांना सांगा, या प्रश्नाचा निकाल लागून चाळीस वर्षं झाली.

कायद्यांची नावं आता बदलली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांच्यात सामावला गेला. जुने नियम, नव्या संहितेच्या विरोधात जात नसतील तोवर, नवे येईपर्यंत चालतात. कोणी 'तो कायदाच रद्द झाला' म्हणून हात झटकले तर एवढं लक्षात ठेवा.

करायचं काय, तर आजपासून वहीवर तुमचं नाव चढवून घ्यायचं. मागच्या १९ वर्षांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणार. इथे मी सावध राहा म्हणेन. 'सासूबाईंच्या नावावरचं सगळं काम माझंच होतं' असं लिहून दिलंत तर त्यांची नोंद संशयात येईल आणि पेन्शनचा अर्ज अडकेल. त्यांनीही वळल्या आहेत, हे खरंच आहे. त्यांचं मिटू द्या आणि मग युनियनसोबत बसून ठरवा. तुमच्या बाजूनं पुरावा काय आहे? जमा केलेल्या मालाच्या चिठ्ठ्या, शेजारच्या बायांचे जबाब, सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हाचे दवाखान्याचे कागद आणि त्याच काळात त्यांच्या कार्डावर चढलेला माल. हा शेवटचा पुरावा भारी आहे. डोळ्यांनी अधू झालेली बाई रोज आठशे बिड्या कशी वळत होती, हे मग मालकानं सांगावं. फक्त हा कागद सासूबाईंचे पैसे हातात पडल्यावरच बाहेर काढायचा. नव्या संहितेत पीएफच्या अशा चौकशीला पाच वर्षांची मुदत घातली आहे, म्हणून फार वर्षं 'पाहू' म्हणत बसू नका.

पत्ता आणि छाट याबद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे, कारण तुमची खरी लूट तिथे आहे आणि युनियनचा उपयोगही तिथेच सगळ्यात जास्त.

हजारात सव्वाशे छाट म्हणजे काय, याचा हिशेब तुम्ही कधी मांडला का? आठ हजार वळल्या की एक हजार फुकट. आठ दिवसांत एक दिवस तुम्ही कारखान्याला दान करता. त्यावर विकत आणलेल्या पत्त्याचे पैसे वेगळे. हजारी दर, म्हणजे हजार बिड्यांची मजुरी, कितीही वाढवला तरी या दोन भोकांतून तो वाहून जातो, आणि म्हणून 'दर वाढवा' एवढीच घोषणा देणाऱ्या युनियनवर माझा फारसा विश्वास नाही. दर कागदावर वाढतो आणि छाट सुपात वाढते.

महाराष्ट्राच्या बिडी कामगार नियमांत याचं उत्तर लिहिलेलं होतं. साधारणपणे शेकडा ५ पेक्षा जास्त बिड्या छाटेत काढायच्या नाहीत. आणि कामगारानं मुद्दाम हयगय केलेली नसेल, तर जी छाट निघेल तिलाही निम्मी मजुरी द्यायची. म्हणजे तुमच्या सव्वाशेतल्या पंचाहत्तर तर मुळातच निघायला नकोत, आणि उरलेल्या पन्नासांनाही अर्धी मजुरी. बिडी खराब निघाली त्यात पत्त्याचा दोष असेल तर तो तुमचा दोष कसा? भोकं पडलेला, वाळून कोळसा झालेला पत्ता द्यायचा, तो कापताना अर्धा वाया घालवायचा, आणि वर म्हणायचं बिडी पातळ आली!

छाट परत न देण्यातली गोम तर उघड आहे. जी बिडी विकण्याच्या लायकीची नाही, ती ठेवून घेऊन सट्टेदार करतो काय? खराब असेल तर तुमच्यासमोर मोडा, तंबाखू वेगळा करा. चांगली असेल तर मजुरी द्या. यावर तिसरं उत्तर नाही.

हे एकट्या बाईनं सट्टेदाराच्या ओट्यावर उभं राहून म्हटलं तर पुढच्या वेळी तिला पत्ता मिळणार नाही, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना भित्रे म्हणू नका. रोज हमाली करणाऱ्या माणसाला काम बंद होणं म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून हे एकटीनं म्हणायचंच नाही.

माल जमा करायच्या दिवशी गावातल्या सगळ्या बाया तशाही एकाच ओट्यावर येतात. तीच तुमची सभा. दहा बाया ठरवा. प्रत्येकीनं एक शाळेची वही करायची. तारीख, किती पत्ता मिळाला, किती तंबाखू, किती वळल्या, किती छाट गेली, किती पत्ता विकत घ्यावा लागला आणि केवढ्याला. लिहिता येत नसेल तिची वही मुलीनं लिहावी. बाजारातून एक साधा वजनकाटा वर्गणी काढून आणा आणि पत्ता घरी आल्या आल्या दोघी-तिघींसमोर मोजा. महिनाभर कोणाशी भांडायचं नाही, काही मागायचं नाही, फक्त लिहायचं. महिन्यानं दहा वह्या शेजारी-शेजारी ठेवा. दहाही जणींना हजाराला तेवढाच पत्ता कमी मिळालेला दिसेल. मग ते 'तुझ्या हाताला वळण नाही' राहत नाही, कारखान्याचं माप होतं. या वह्या घेऊन युनियननं कारखान्याला लेखी पत्र द्यायचं आणि त्याची प्रत सरकारी कामगार अधिकाऱ्यांना. कमी मजुरीचा दावा झाला की पूर्ण पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेनं मालकावर टाकली आहे, आणि असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

त्याच पत्रात चालू किमान वेतनाचा सरकारी तक्ताही मागा. महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारी नि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. तुम्हाला मिळणारा हजारी दर त्या तक्त्याशी कधी ताडून पाहिलाय? बहुतेक जणींनी नसतो पाहिलेला.

आता भासरे.

नात्यातला सट्टेदार ही आपल्याकडची फार चलाख व्यवस्था आहे. कारखानदाराचं तोंडही बाया कधी पाहत नाहीत. समोर दिसतो तो दिवाळीला घरी येणारा, लग्नात आहेर करणारा माणूस. त्याच्याशी भांडायचं म्हणजे भावकीत भांडायचं. पण त्याचीही बाजू पाहा. त्याला हजारामागे कमिशन मिळतं, कारखान्यातला माल तपासणारा त्याच्याही मालातून छाट काढतो, आणि ती भरून काढायला तो तुमच्या सुपात हात घालतो. मी त्याला सोडून द्या म्हणत नाही. पत्र त्याच्या नावानं लिहू नका, एवढंच म्हणते. ज्या कारखान्याचं लेबल बिडीच्या कट्ट्यावर लागतं, तो मूळ मालक. कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे. 'भाऊजी, आमची तक्रार तुमच्यावर नाही, वरच्यांवर आहे, तुम्हीही सही करा' असं म्हणून पाहा. सही करणार नाहीत, पण पत्ता बंद करतानाही चारदा विचार करतील.

आणि केलाच बंद तर? युनियनमध्ये गेली म्हणून काम काढून घेणं याला कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. महाराष्ट्रात १९७१ चा तसा कायदा आहे आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते लिहिलंय. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत घरातलं पीठ संपतं, हे तुम्हाला सांगायला नको. खरं संरक्षण आकड्यात आहे. एकीचा पत्ता बंद झाला तर बाकीच्या नऊ जणींनी त्या दिवशी पत्ता उचलायचा नाही, हे आधी ठरलेलं हवं आणि ते नऊही जणींच्या घरी सांगितलेलं हवं. ते ठरत नसेल तर पत्र पाठवायची घाई करू नका, वह्या लिहीत राहा. रोवण्याच्या दिवसांत तुमच्यातल्या निम्म्या जणी धानाच्या बांधीत असतात, तेव्हा असलं काही काढूच नका. सट्टेदारालाही तेव्हा पत्ता द्यायची घाई नसते. रोवणा आटोपल्यावर बिडीची गरज दोन्हीकडून असते.

युनियनच्या बाईंना काय विचारायचं ते सांगते. नोंदणी क्रमांक काय, वर्गणी वर्षाला किती, पावती छापील आहे का, पैसे बँकेत जातात का, मागच्या वर्षी कोणत्या गावात कोणाचं कोणतं काम झालं. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी जवळच्या गावातल्या दोन बायांची नावं सांगितली तर त्या बायांना बाजाराच्या दिवशी गाठा. सभासदाला युनियनच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानंच दिला. तो वापरा, लाजू नका. एखादी चांगली युनियन या प्रश्नांनी दुखावत नाही. जी दुखावते तिच्याबद्दल विचार करा. निवडणूक जवळ आली की गावात उगवणाऱ्या, बायांना गाडीत बसवून मोर्चाला नेणाऱ्या आणि संध्याकाळी आणून सोडणाऱ्या संघटना आपल्या भागानं पाहिल्या आहेत. मोर्चा वाईट नसतो, पण मोर्चाहून आल्यावर पीएफच्या नावदुरुस्तीचा फॉर्म कोण भरतं, ते बघायचं.

तुमच्यासारख्यांना संघटित करणं ही विदर्भाला नवी गोष्ट नाही. कामठीचे बाबू हरदास एल. एन., ज्यांचं नाव 'जय भीम' या अभिवादनाशी जोडलेलं आहे, त्यांनी ब्रिटिश काळात इथल्या बिडी कामगारांना एकत्र केलं. १९३७ साली ते नागपूर-कामठीतून विधिमंडळावर निवडून गेले आणि दोनच वर्षांनी, पस्तिशीतच, वारले. कामठीच्या बाजूच्या जुन्या माणसांना विचारा, बिडीच्या ठेकेदारांचं नाव निघालं की त्यांचं नाव येतंच.

युनियनकडून काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण सोलापूरचं आहे. तिथल्या बिडी कामगार बायांच्या संघटनेनं घरांचा प्रश्न लावून धरला आणि २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात. हे मी तुम्हाला हुरूप यावा म्हणून सांगते, पण उद्या तिरोड्यात तसं होईल असं मुळीच म्हणत नाही. सोलापूरच्या बाया एका शहरात, शेजारी-शेजारी राहतात, कारखान्याच्या शाखेवर रोज एकमेकींना भेटतात. तुम्ही पन्नास गावांत विखुरलेल्या, मधे सट्टेदार. तुमची युनियन लहान, हळू आणि वहीवर चालणारी असेल.

आणि एक गोष्ट कोणतीच युनियन करू शकणार नाही. आठवड्याचे ते जुने सहा दिवस परत आणणं. बिडी ओढणारे कमी होत आहेत. बरंच आहे, मी बिडी ओढा म्हणणार नाही, आणि दिवसभर तंबाखूचा भुगा तुमच्या छातीत जातो तेही मला ठाऊक आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिडीवर शेकडा २८ कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं तो १८ वर आणायचा निर्णय घेतला. कारखानदार त्याचा फायदा सांगतील. तुमच्या पत्त्याचे दिवस त्यानं वाढले तर मला कळवा. जीएसटीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची फारशी कोणी वाच्यता केली नाही. बिड्यांवर कामगार कल्याणाचा जो उपकर होता, ज्यातून १९७६ च्या कायद्यानं बिडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत, तो बंद झाला. आता त्या योजना सरकारच्या बजेटवर चालतात. हा प्रश्न गावात सुटणारा नाही, तो युनियननं दिल्लीतच लावून धरायला हवा. त्यासाठीही पावतीचा पैसा लागतो.

लाडकी बहीणचे १५०० येतात, येऊ द्या. तो सरकारचा पैसा आहे. छाटेत जातो तो तुमचा. एक मिळतो म्हणून दुसरा का सोडायचा? ई-श्रम कार्डाचं मात्र नीट ऐका, कारण त्यात एक खोच आहे. ते ज्यांना पीएफ नाही अशा असंघटित कामगारांसाठी आहे. सट्टेदार बायांना हौसेनं ई-श्रम काढून देतो आणि म्हणतो झालं तुमचं कार्ड, तेव्हा समजायचं की पीएफच्या वहीत नाव चढवायचा त्याचा विचार नाही. काढलंत तर काही बिघडलं नाही, पण ते बिडी कामगाराचं ओळखपत्र नव्हे.

तेच ओळखपत्र तुमच्या मुलीसाठी लागणार आहे. तिला सुपाजवळ बसवू नका. हे मी उपदेश म्हणून म्हणत नाही. ज्या धंद्यात तुम्हालाच तीन दिवस काम आहे, तिथे आणखी दोन हात घातले तर तीन दिवसांचे सहा होणार नाहीत. त्याच पत्त्यात दोघी वाटून घ्याल, आणि तुमच्यासारखंच तिचंही नाव वहीत नसेल. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे. पहिलीच्या वर्गाला वर्षाला १००० रुपयांपासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,००० पर्यंत. नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंग, काय घ्यायचं ते ती ठरवेल. त्यासाठी आई किंवा वडील किमान सहा महिने बिडीच्या कामावर असल्याचा कागद लागतो. सासूबाईंचं कार्ड नातीला चालणार नाही.

म्हणून वहीवर नाव चढवायची आणि ओळखपत्राची मागणी आत्ताच करा, मुलीच्या बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. कारखाना टाळाटाळ करत असेल तर तुमच्या भागातल्या श्रम कल्याण विभागाच्या दवाखान्यात युनियनच्या बाईंना घेऊन जा आणि तिथे अर्ज द्या, पोच घ्या. पुढं फॉर्म राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. तो भरला म्हणजे झालं असं समजून मुली घरी येतात आणि कॉलेजनं पडताळणी न केल्यामुळे अर्ज तिथेच मरतो. फॉर्म भरल्यावर आठवड्याभरानं तिला कॉलेजच्या ऑफिसात पाठवा आणि तिच्या नावापुढे पडताळणी झाल्याचं स्क्रीनवर दाखवा म्हणायला सांगा.